कोऱ्या बाटलीतलं जस्त

ज्या बाटलीत कुणी काहीच घातलं नव्हतं, तिच्यात सलग चौथ्या दिवशी जस्त निघालं, तेव्हा राजारामचा हात आपोआप स्वतःच्या मानेकडे गेला. मानेवर पावडर होती. घामोळ्यांची, औषधाची, सकाळी आंघोळीनंतर बकुळाने स्वतःच्या हाताने थापलेली. ऑक्टोबर महिना होता आणि घोडपदेवपासून परळपर्यंत माणसं उकडून निघत होती.

राजाराम परळच्या एका कॅन्सर संशोधन संस्थेत बावीस वर्षं लॅब अटेंडंट होता. ऑपरेशन थिएटरमधून तो बाटल्यांच्या जोड्या आणायचा. एकीत गाठीचा नखाएवढा तुकडा, दुसरीत त्याच माणसाच्या गाठीशेजारच्या चांगल्या भागाचा. बाटल्यांवर नाव नसायचं, नुसता नंबर. संशोधक विद्यार्थिनी संघमित्रा हे तुकडे सुकवायची, ॲसिडमध्ये विरघळवायची आणि त्यांत जस्त किती, तांबं किती, लोह किती ते मशीनवर मोजायची. बिघडलेल्या भागात यांतलं काही कमीजास्त होतं का, हे तिला शोधायचं होतं. मामला इतका बारीक की हौदभर पाण्यात मिठाचा खडा टाकावा आणि तो खडा मोजायला बसावं. म्हणून प्रत्येक खेपेला एक कोरी बाटली ठेवायची. बाकी सगळे सोपस्कार तेच, फक्त आत तुकडा नाही. ती कोरी निघाली तर हात स्वच्छ. तिच्यातच जस्त निघालं तर मग बाकीचे आकडे कचऱ्याच्या टोपलीत.

अठ्ठावीस जोड्या उन्हाळ्याआधीच मोजून झाल्या होत्या. सहा उरल्या होत्या. मशीन सगळ्या संस्थेचं. संघमित्राची पाळी पुढच्या शनिवारी होती, त्यानंतरची थेट फेब्रुवारीत, आणि तिच्या प्रबंधाची मुदत डिसेंबरात संपत होती. रोज संध्याकाळी दुसऱ्या कुणाचं काम आटोपलं की तिला पाच मिनिटं मिळत, तेवढ्यात ती नुसती कोरी बाटली तपासून बघे. बाटली कोरी निघेपर्यंत त्या सहा जोड्यांना हात लावायची तिची छाती होत नव्हती. कारण तुकडे वाया गेले तर दुसरे आणायचे कुठून? सहांपैकी दोन नंबरांची माणसं आता या जगात नव्हती, हे वॉर्डातून राजारामच्या कानावर आलं होतं. माणसाने जाता जाता दिलेली वस्तू आपण पावडर सांडून घालवायची, या विचाराने त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने पावडर सोडली. बकुळाने डबा उघडला तर तो सदरा चढवून दाराशी उभा.

"अहो, पावडर?"

"नको. तिच्यात जस्त असतं."

"असू दे की. आपल्याकडं जस्ताच्या बादल्या होत्या इतकी वर्षं. कुणाचं काय वाकडं झालं?"

राजाराम चपला पायात सरकवून बाहेर पडला. पस्तीस वर्षांच्या संसारात नवरा पहिल्यांदाच ऑक्टोबरात पावडर न लावता कामावर गेला, ही गोष्ट बकुळाने मनात नोंदवून ठेवली.

इकडे संस्थेत डॉ. अनुजा तेंडोलकर मॅडमनी सूत्रं हाती घेतली. मॅडम विभागाच्या प्रमुख. गिरगावच्या, शिस्तीच्या, आणि इतक्या काटेकोर की चहात साखर घालतानाही चमचा डोळ्यांसमोर धरत. आधी त्यांनी साबण बदलला. मग हातमोजे बदलले. सोमवारी त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एक यादी लिहून, बाटल्यांचं काम जिथे चालायचं त्या स्वच्छ खोलीच्या दारावर डकवली. डोक्याला तेल नको. टाल्कम पावडर नको. काजळ नको. केसांना कलप नको. कोंड्याचा शाम्पू नको, त्यात जस्त असतं.

शेवटचं कलम मयूरच्या वर्मी लागलं. मयूर म्हणजे संघमित्राच्या शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थी, राहणार लालबाग. त्याला कोंडा होता आणि शाम्पूवाचून त्याचं पान हलत नव्हतं. पोरगा स्वभावाने टोकाचा. मंगळवारी तो चक्क गुळगुळीत डोकं करून आला. विज्ञानासाठी त्याग केला, असं तो ज्याला त्याला सांगत होता. पण लालबागला त्याची आई कांद्याची भजी तळत असताना शेजारच्या दोन बायका चहाचा थर्मास आणि पिठलं-भाकरी घेऊन दारात उभ्या राहिल्या. मुलाने मुंडन केलंय म्हणजे घरात नक्की कुणीतरी गेलंय, चूल पेटली नसेल, या समजुतीने. चूल तर पेटलेली होती आणि भज्यांचा खमंग वास जिन्यापर्यंत पोचला होता. त्या बायकांनी मयूरच्या आईकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर ती माऊली जन्मात विसरणार नव्हती. मयूरचे वडील पुण्याला बहिणीकडे गेले होते हेही नेमकं नडलं. रात्री अकरापर्यंत त्यांना फोन लावून लावून लोक ते जिवंत असल्याची खात्री करून घेत होते.

बुधवारी कोरी बाटली तपासली. जस्त होतंच.

"मामा, माझंच कुठंतरी चुकतंय," संघमित्रा म्हणाली. ती राजारामला मामा म्हणायची. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज इतका लहान झालेला त्याने ऐकला.

"तुझे हात मी रोज बघतो, बाळा. तुझं नाय चुकत," तो म्हणाला. मनात मात्र त्याने ठरवलं की पावडर सदऱ्यांच्या धाग्यांत बसली असणार. त्या रात्री त्याने बकुळाकडून सगळे सदरे तीनतीनदा धुवून घेतले. एव्हाना त्याच्या मानेवर आणि पाठीवर घामोळ्यांचं रान माजलं होतं. बकुळाने चंदन उगाळलं, तो नको म्हणाला. मुलतानी माती भिजवली, तो म्हणाला मातीत तर सगळंच असतं. शेवटी ती बिचारी वर्तमानपत्राची घडी घेऊन त्याच्या पाठीला वारा घालत बसली आणि त्या जस्ताच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली.

गुरुवारी चमत्कार झाला. बाटली कोरी निघाली, अगदी धुतल्या तांदळासारखी. संघमित्राने राजारामच्या हातावर टाळी दिली. मयूरने आपल्या डोक्यावरून समाधानाने हात फिरवला, आपला त्याग कामी आला म्हणून.

शुक्रवारी पुन्हा जस्त. आधीपेक्षा जास्त.

राजाराम विचार करून करून थकला आणि थकल्यावर जे नेहमी करायचा तेच त्याने केलं, फडकं घेऊन साफसफाईला लागला. मॅडमच्या केबिनचा एसी पंधरा दिवस बंद होता. मॅडम खाली चहाला गेल्या होत्या. त्यांच्या काळ्या खुर्चीची पाठ पुसायला त्याने फडकं टेकवलं आणि तो थबकला. खुर्चीच्या पाठीवर, बरोबर मान टेकते तिथे, पांढरा पट्टा होता. टेबलाच्या अर्धवट उघड्या खणात एक डबा होता. तोच, औषधाचा, घामोळ्यांचा. फक्त मॅडमचा लव्हेंडरचा होता.

मग त्याला एकेक आठवत गेलं. रोज दुपारी तीनला मॅडम स्वच्छ खोलीत यायच्या, "बघू" म्हणायच्या आणि संघमित्राच्या खांद्यावरून थेट बाटल्यांवर वाकायच्या. आणि गुरुवारी मॅडम दिवसभर पुण्याला मीटिंगला होत्या.

आता हे सांगायचं कुणी आणि कसं? मॅडम, यादी तुमची आणि पावडरही तुमची, असं? बावीस वर्षांत राजारामने मॅडमना एकदाच काही सुनावलं होतं, तेही पंख्याचं बटण बिघडलंय एवढंच. शिवाय मॅडमची बाजूही त्याला कळत होती. पावडर डॉक्टरांनी लिहून दिलेली असणार. औषधाला कुणी टाल्कम पावडर समजतं का? तो स्वतः तरी पहिल्या चार दिवसांत कुठे समजला होता?

सहा वाजता मॅडमनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. त्या रागावल्या नव्हत्या, त्याहून वाईट म्हणजे त्या शांत होत्या. त्या म्हणाल्या की साबण बदलून, मोजे बदलून, सगळं करून जस्त येतंय, तेव्हा दोष कामाच्या पद्धतीतच असणार. उद्याची मशीनची पाळी संघमित्राने दुसऱ्या विभागाला देऊन टाकावी. संघमित्रा खाली बघत होती आणि तिने पेनाचं टोपण इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

राजाराम उभा राहिला.

"मॅडम, ते जस्त माझं हाय."

सगळे वळले.

"मी मानेला घामोळ्याची पावडर लावतो. रोज. औषधाची म्हणून वाटलं, तुमच्या यादीत ती नाय बसत. पण डब्यावर वाचलं तर लिवलंय, जस्त. अन् मी त्या बाटल्यांवर वाकून बघतो ना दुपारचं. तेव्हा पडत असंल."

मॅडमचं पेन कागदावर थांबलं. संघमित्राने तोंड उघडलं, कारण मामा बाटल्यांवर कधीच वाकत नाही हे तिला चांगलं माहीत होतं. राजारामने तिच्याकडे असं पाहिलं की तिने ते मिटलं. मयूर मात्र दुखावल्या नजरेने आधी राजारामच्या दाट केसांकडे आणि मग काचेतल्या स्वतःच्या टकलाकडे बघत राहिला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग मॅडम हळू म्हणाल्या, "उद्याची पाळी राहू दे. आत फक्त संघमित्रा जाईल. बाकी सगळे काचेबाहेर. मीसुद्धा."

शनिवारी सगळे काचेबाहेर उभे होते. कोरी बाटली कोरी निघाली. मग एकामागून एक सहाही जोड्या झाल्या. शेवटचा आकडा पडद्यावर उमटला तेव्हा संघमित्राने काचेतून राजारामकडे पाहिलं आणि मास्कच्या वर तिचे डोळे भरून आले. राजारामने उगाचच फडक्याने काच पुसायला घेतली.

संध्याकाळी मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"राजाराम, मान दाखवा."

"मॅडम?"

"मान. मागे वळा."

तो वळला. मॅडमनी चष्मा चढवून त्याची मान पाहिली, जशा त्या बाटल्या बघायच्या तशी.

"रोज पावडर लावणाऱ्या माणसाला इतकी घामोळी येत नाहीत. किती दिवस झाले सोडून?"

"आठ," राजाराम भिंतीला म्हणाला.

"म्हणजे काल तुम्ही खोटं बोललात."

"आधीचं खरं होतं, मॅडम."

मागे खण उघडल्याचा आवाज आला. तो वळला तर मॅडमच्या हातात लव्हेंडरचा डबा होता आणि त्यांचा चेहरा त्याने बावीस वर्षांत न पाहिलेला, शाळेत पकडलेल्या मुलीसारखा झाला होता.

"काल संघमित्राला मी काय काय बोलले," त्या म्हणाल्या. "तिला मी सगळं सांगितलंय. माफीही मागितली. रिपोर्टातही लिहिणार आहे, दूषित होण्याचं कारण, विभागप्रमुख." त्यांनी डबा त्याच्यापुढे धरला. "हा घरी न्या. तुमची घामोळी माझ्यापायी आहेत." मग त्यांनी विचारलं, "पण मयूरला काय सांगायचं?"

राजारामने जरा विचार केला. "त्याचे येतील हो मॅडम, केस."

मॅडम हसल्या. मोठ्याने हसल्या.

घरी पोचल्यावर राजाराम सदरा काढून पाठ करून बसला. आठ दिवसांनी पावडर परत आली म्हणून बकुळा खूष होती. तिने डबा उघडला, हातावर पावडर घेतली, आणि तिचा हात हवेतच राहिला. तिने ती हुंगली.

"ही कुणाची?"

"आमच्या मॅडमची."

बकुळाने डब्याचं झाकण लावून टाकलं. पाठीवर हातही पडला नाही. तेव्हा राजारामला पहिल्यापासून, त्या कोऱ्या बाटलीपासून, सगळं सांगावं लागलं. त्या सहा जोड्या, त्यांतली दोन माणसं, काल आपण बोललेलं खोटं, सगळं.

"त्या दोघांचं नीट मोजून झालं ना?" शेवटी तिने विचारलं.

"झालं."

"मग बरं," ती म्हणाली, आणि मॅडमची पावडर तिने त्याच्या पाठीवर सढळ हाताने थापली.