सुजाता पाहिजे!

वैशाख लागला की आमचे शेजारी कुंडलिकमामा अनोळखी बायकांना नावं विचारत हिंडू लागतात. वय सत्तरीचं, अंगात पांढराशुभ्र सदरा, बोलणं अदबीचं, म्हणून आजवर मार खाल्ला नाही एवढंच. बँकेत, दवाखान्यात, भाजीवालीपाशी एकच सवाल : "अम्मा, आप सुजाता तो नहीं?"

कारण असं. तपाने खंगलेल्या सिद्धार्थाला खीर दिली ती सुजाताने. म्हणून आमच्या अंबरपेठेतल्या विहारात बुद्धपौर्णिमेला मूर्तीपुढे खिरीची पहिली वाटी ठेवणारी बाई सुजाताच हवी, हा मामांचा कायदा. आम्ही सगळे मराठवाड्यातून या तेलुगू मुलखात आलेलो. आमच्यातल्या सुजाता संपल्या तसे मामा तेलुगू सुजातांकडे वळले. त्यातही एक पोटकलम : एकदा येऊन गेलेली सुजाता पुन्हा चालत नाही. "नवी पाहिजे म्हंजे नवीच पाहिजे, हौ!" हे त्यांचं पालुपद.

यंदा तर कहर झाला. ठरलेली सुजाता ऐन पौर्णिमेच्या सकाळी वरंगलला निघून गेली. विहारात वंदना झालेली, पांढऱ्या कपड्यांतली लेकरं खिरीच्या पातेल्याभोवती घुटमळतायत, वेलदोड्याचा वास सुटलाय, आणि पहिली वाटी ठेवल्याशिवाय कोणाला थेंब मिळणार नाही! तेवढ्यात गेल्या वर्षीची सुजाता, दवाखान्यातली नर्स, आपण होऊन आली. "अंकल, मैं हूँ ना!"

"तुम नक्को," म्हणत मामा माझ्या स्कूटरवर बसले.

मलाही चेव आला. आम्ही शेजारचं सगळं नल्लकुंटा पालथं घातलं. एका टिफिन सेंटरवाल्याने तर हातच जोडले, "इडली है साब, सुजाता नहीं है." मी हसून बेजार झालो. मागे बसलेले मामा मात्र पुढची गल्ली दाखवत होते.

"मामा, त्या नर्सबाईत काय वाईट आहे?" मी विचारलं.

"गाडी थांबव जरा," ते म्हणाले. मग खाली उतरले. "तुझी मामी, शांता होती तवर वाटी तीच ठेवायची. ती गेली, तर कमिटीवाले म्हणाले, आता दुसरी कोणी कायमची ठरवू. मग मी हे सुजाताचं काढलं. दर साली नवी आली की शांताची जागा कोणाची होत नाय."

मग ते परत मागे बसले. "चल, लेकरं खोळंबलीत." मी स्कूटर वळवली आणि परत निघालो.

विहारात लेकरांनी "मिली क्या, मिली क्या" करून गलका केला. मामांनी पातेल्यातून वाटी भरली आणि नर्सच्या हातात दिली. ती हरखली. मूर्तीसमोरच्या सतरंजीवर मधोमध बसायला गेली, तसे मामा घाईने पुढे झाले.

"बेटी, थोडा बाजू में बैठ. वहाँ हमारी शांता बैठती."

सुजाता बाजूला सरकली, आणि मधली जागा मोकळी सोडून तिने वाटी पुढे ठेवली.