जरीपटक्याचा युद्धवार्ताहर

"रुपराव, तू उद्यापासून युद्धावर," पेपरचे मालक-संपादक भैयाजी म्हणाले आणि मुलीचं लग्न ठरल्यासारख्या आनंदानं समोर पाहू लागले.

'सांज दणका' या सायंदैनिकाचे उपसंपादक रुपराव कातोरे चहाचा कप तसाच धरून बसले. १९८२ सालचा मे महिना होता. बाहेर नागपुरात बर्डीच्या रस्त्यावर डांबर पाघळत होतं आणि तिकडे पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला, फॉकलंड नावाच्या थंडगार बेटांवरून इंग्रज आणि अर्जेंटिनाची जुंपली होती. नागपूरचा त्या बेटांशी काडीचा संबंध नव्हता. पण एके दिवशी 'सांज दणका'नं 'इंग्रजांना तडाखा' असा मथळा दिला आणि अंक हातोहात संपला. दुसऱ्या दिवशी 'इंग्रजांची सरशी' छापलं, तर गठ्ठे जसेच्या तसे परत आले. तेव्हापासून भैयाजींच्या पेपरात इंग्रज रोज हरत होते.

"युद्धावर? मी?" रुपराव चाचरले. "मले पोहता येत नाही, भैयाजी."

"जाचं कोठं हाये गा! घरी बसाचं अन् लिहाचं. वर तुहा फोटो, खाली 'आमच्या खास युद्धवार्ताहराकडून'. फक्त गल्लीत कोणाले दिसाचं नाही."

"पण हे खोटं होईन ना जी."

"खोटं कसं? टेलिप्रिंटरवर येते ते सारं लंडनहून येते. म्हणजे एकच बाजू. आपण दुसरी बाजू द्याची. यालेच निःपक्षपातीपणा म्हणतेत."

"दुसरी बाजू आपल्याले कोठं माहीत हाये?"

"माहीत नाही म्हणून तं लिहाची हाये!" भैयाजींनी टेबलावर थाप मारली. "माहीत असती तं आतापर्यंत छापली नसती का?"

 'वर तुहा फोटो' हे शब्द रुपरावांच्या कानात घुमत राहिले होते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बातम्यांचे काने-मात्रे दुरुस्त करण्यात गेली होती आणि स्वतःचं नाव एकदाच छापून आलं होतं, तेही हरवलेल्या सायकलीच्या जाहिरातीत. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून जरीपटका वस्तीतल्या मागच्या गल्लीतल्या आपल्या दोन खोल्यांत, खिडक्या लावून, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन रुपराव युद्ध लढू लागले. अंगातून घामाच्या धारा वाहत असताना ते लिहीत, 'बर्फाळ वाऱ्यानं बोटं बधिर झाली आहेत. लेखणी धरवत नाही.' घामानं पेन खरोखरच निसटत होतं, तेव्हा दुसरं वाक्य अगदीच खोटं नव्हतं. सकाळी भैयाजी स्कूटरवरून 'विचारपूस करायला' येत आणि मजकूर खिशात घालून नेत.

अंक असा उचलला गेला की भैयाजींना छपाईचा कागद पुरेना. गल्लीत तर दिवाळी होती. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले मारोतराव रोज संध्याकाळी चौकात पेपर मोठ्यानं वाचून दाखवत. 'दृष्टीस पडेल ते जहाज बुडवले जात आहे' हे वाक्य त्यांनी लोकाग्रहास्तव पुन्हा वाचलं.

"आपल्या गल्लीतला पोरगा!" ते छातीवर हात मारून म्हणाले. "इंग्रजाची फजिती डोळ्यांनं पाहून राहिला!"

खिडकीच्या फटीतून हे ऐकताना रुपरावांच्या अंगावर मूठभर मांस चढे. पुढच्या दिवशी ते आणखी दोन जहाजं बुडवत.

घोटाळा झाला तो खर्ऱ्यामुळे. तंबाखू-सुपारीच्या त्या खर्ऱ्याशिवाय रुपरावांना अक्षर सुचत नसे, आणि आता तो आणायला त्यांच्या बायकोला, जयाबाईंना जावं लागे. पहिल्या दिवशी पानठेल्यावाला काही बोलला नाही. आठवडाभरानं तो शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "नवरा समुद्रात अन् बाई रोज खर्रा घेऊन जाते. खाते कोण?"

तो प्रश्न संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाला. मग कोणाला आठवलं की जयाबाई भाकरी दोन माणसांच्या थापतात. कोणी दोरीवर वाळणारी मर्दानी बनियन पाहिली. आणि भैयाजी रोज सकाळी स्कूटरवरून येतात, हे तर सगळ्यांनीच पाहिलं होतं.

जयाबाई नळावर गेल्या की बाया बोलायच्या थांबू लागल्या. एका दुपारी त्या घरात आल्या आणि त्यांनी रिकामी बादली धाडकन आपटली.

"तुमचं युद्ध बंद करा. आत्ताच्या आत्ता!"

"काहून वं? काय झालं?" रुपरावांनी टॉवेलखालून विचारलं.

"लोक म्हणून राहिले का माह्या घरी परका माणूस हाये! तुम्ही तिकडं जहाजं बुडवून राहिले अन् इकडं माही अब्रू बुडून राहिली!"

 तेवढ्यात दार धडधडलं.

"दार उघड, जयाबाई!" मारोतरावांचा आवाज होता. "आमचा वाघ तिकडं जिवावर उदार झाला, अन् त्याच्या घरात कोण घुसलं ते आम्हाले पाहाचं हाये!"

दार उघडेपर्यंतही लोकांना दम निघाला नाही. कडी तुटली. काठी उगारलेले मारोतराव आणि त्यांच्यामागून अर्धी गल्ली आत घुसली. समोर दाढी वाढलेला, लुंगी नेसलेला, गालात खर्रा धरलेला माणूस उभा होता. मारोतरावांनी काठी आणखी वर नेली आणि तिथेच थांबवली.

"रुपराव?"

"हो जी," रुपराव म्हणाले.

 मग मागून एकजण ओरडला, "परत आला! रुपराव जित्ता परत आला!" आणि एकच गलका झाला. कोणी पाठ थोपटली, कोणी गुलाल आणायला धावलं. रुपरावांना सुटल्यासारखं वाटलं. गप्प राहिलं की झालं! जयाची अब्रूही राहत होती आणि त्यांचीही.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत अंजनाबाई पुढे आल्या. त्या पलीकडच्या गल्लीत राहत. त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंदा मालवाहू जहाजावर खलाशी होता, आणि निघताना 'दक्षिण अमेरिकेकडं चाललो' एवढंच सांगून गेला होता. 'दृष्टीस पडेल ते जहाज' वाचल्यापासून त्यांनी बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती विझू दिली नव्हती. त्यांनी रुपरावांचा हात धरला.

"बाबू, तू तिकडूनच आला ना गा? माह्या गोविंदाचं जहाज पाहिलं का? बुडलेल्यात तं नाही ना?"

गलका थांबला. "सांगा ना, पाहिलं म्हणा," कोणीतरी कुजबुजलं. रुपरावांनी जयाबाईंकडे पाहिलं. जयाबाई त्यांच्याकडेच पाहत होत्या. रुपरावांनी मोरीत जाऊन खर्रा थुंकला, तोंड धुतलं आणि ते परत आले.

"माय, मी गेलोच नोहतो," ते म्हणाले. "कोठंच गेलो नाही. याच खोलीत बसून लिहून राहिलो होतो. ते जहाजं मीच बुडवले. तुह्या गोविंदाचं मले काहीच माहीत नाही. पण आता माहीत करून घेतो."

अंगात शर्ट अडकवून, अंजनाबाईंना सायकलरिक्षात बसवून ते थेट कचेरीत गेले. भैयाजींनी त्यांना भरदिवसा दारात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. रुपरावांनी त्यांच्यापुढचा फोन ओढून मुंबईच्या जहाज कंपनीला अर्जंट ट्रंककॉल लावला. लाइन लागायला किती वेळ गेला कोण जाणे, अंजनाबाई तोवर पदराचं टोक पिळत होत्या. शेवटी पलीकडून कोणीतरी त्रासिक आवाजात सांगितलं की ते जहाज दक्षिण अमेरिकेकडे गेलंच नाही. हुकूम बदलला. ते आफ्रिकेच्या किनाऱ्याला, मोंबासा बंदरात चहाच्या पेट्या भरतंय. सगळे खलाशी खुशाल आहेत.

रुपरावांनी ते अंजनाबाईंना सांगितलं. त्या खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडल्या. त्यांच्याकडे पाहताना, आपण काय करून बसलो होतो ते आठवून रुपरावांचे कान गरम झाले.

"भैयाजी, आज पहिल्या पानावर मी लिहीन ते छापाचं," ते म्हणाले. "नाही तं मी चौकात उभा राहून सांगतो."

"पेपर बुडंन गा आपला!"

"बुडू द्या. एवढे बुडवले, त्यात आणखी एक."

त्या संध्याकाळी 'सांज दणका'च्या पहिल्या पानावर ठळक चौकट आली. 'आमचा वार्ताहर युद्धावर गेला नव्हता. त्याने नागपूरबाहेर पाऊल टाकले नाही. छापलेली वर्णने काल्पनिक होती. वाचकांची क्षमा मागतो.' खाली रुपरावांची आणि भैयाजींची सही होती. भैयाजींनी कचेरीचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि दगडांची वाट पाहत बसले.

दगड आले नाहीत. अंकांची मागणी आली. गठ्ठे संपले, तरी लोक शटरखालून हात घालत होते. रुपराव बावरून बाहेर आले. पायरीवर मारोतराव पेपर उंच धरून उभे होते आणि त्यांच्याभोवती ही गर्दी जमली होती.

"वाचा, नीट वाचा!" ते गरजत होते. "'पाऊल टाकले नाही.' जो माणूस बर्फात बोटं गोठवून आला, तो असं काहून लिहीन? लिहाले लावलं त्याले! लंडनहून दाबलं! म्हणून तं बिचारा गुपचूप परत येऊन घरात लपला होता. तो खर्रा, ते भाकरी... समजलं का आता? अन् त्या जयाबाईनं एवढं ऐकून घेतलं, पण तोंड उघडलं नाही. याले म्हणतेत देशभक्त बाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मारोतरावजी, मी खरंच गेलो नोहतो!" रुपराव ओरडले.

"हो हो, नोहते गेले," मारोतरावांनी डोळा मिचकावला. "आम्ही समजतो."

तेवढ्यात अंजनाबाई डबा घेऊन आल्या. त्या सरळ पायरी चढल्या. "अजी, काय बोलून राहिले तुम्ही? हा माणूस गेला नोहता. मले तोंडावर सांगतलं त्यानं, सगळ्यांच्या समोर. अन् माह्यासाठी फोन लावला त्यानं."

मारोतरावांनी त्यांच्याकडे अत्यंत करुणेनं पाहिलं, मग गर्दीकडे वळून आवाज खाली आणला.

"पाहा लोकहो. या गरीब मायलेबी गप्प बसवलं त्यांनी!"

अंजनाबाईंनी डबा उघडला, त्यातला सर्वांत मोठा बेसनाचा लाडू उचलला आणि मारोतरावांच्या उघड्या तोंडात अख्खा कोंबला.

"घे, माह्या गोविंदाच्या खुशालीचा," त्या म्हणाल्या. "मले कोणी गप्प नाही बसवलं बाप्पा. आता जरा तू बैस."