बांधावरची हजेरी

यशवंता ड्रायव्हर शेतात ट्रॅक्टर घालण्याआधी आमची हजेरी घ्यायचा. घरच्या झाडून सगळ्यांनी बांधावर उभं राहायचं आणि नाव पुकारलं की मोठ्यानं ओ द्यायची. एकदाच असतं तर सोसलं असतं. पण हा पठ्ठ्या शेताच्या टोकाला पोचला की ट्रॅक्टर थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरू!

पन्नास सालानंतरचे दिवस. निघोज्याकडच्या आमच्या सोसायटीनं नवाच ट्रॅक्टर घेतलेला. समोरून बैलगाडी आली की यशवंता इंजिन बंद करी. वळण आलं की खाली उतरून आधी पलीकडचं बघून येई. पायी निघालेला माणूस त्याच्याआधी चाकणला पोचायचा. मडगार्डवर कुणाला बसू देईल तर शपथ. "यंत्राला जीव न्हाई, राव. आपल्याला हाय," हे वर ऐकून घ्यायचं.

चैत्रात आमच्या वाट्याला ट्रॅक्टरचा एकच दिवस आला. हरळीनं रान खाल्लं होतं आणि बैलांच्या नांगराला तिच्या मुळ्या दाद देत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर पुढच्या गावाला जाणार, आणि हे महाराज हजेऱ्या घेतायत!

"मी काय शाळंत हाय का?" म्हणून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ओ देणंच बंद केलं. मग यशवंता दर खेपेला उतरून त्यांना डोळ्यांनी बघून जायचा. आणखी उशीर! माझं डोकं फुटायची वेळ आली.

उन्हं कलली. हरळीचा एक गड्डा दिसला म्हणून अण्णा चालत्या ट्रॅक्टरपुढंच वाकले. जन्मभर बैलांपुढं ते असेच वाकत आले होते. माणूस पुढं आला की बैल आपणहून थांबत.

ट्रॅक्टर त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

मी धावलो. यशवंता आता शिव्या घालणार असं वाटलं. पण तो उतरला आणि तिथंच ढेकळांत बसला.

"माझा भाऊ असाच वाकला व्हता, अण्णा. मागल्या नोकरीत ट्रॅक्टर मीच चालवत व्हतो. पाय गेला त्याचा. आजबी त्याच्या दारात जाऊन हाक मारतो. ओ देत न्हाई."

रान अजून बरंच राहिलं होतं. मी अण्णांकडं बघितलं.

"राहू दे ते," म्हणत अण्णा त्याच्या शेजारी ढेकळांत बसले. मग कुणी नाव पुकारलेलं नसताना अण्णाच हळू म्हणाले, "हाय रं यशवंता. हितंच हाय मी."