थांब्याचे चार अर्ज

औंढे गावात सातवी पास एकटी कस्तुरा, त्यामुळे गावाचा प्रत्येक अर्ज तिच्या चुलीशेजारी जन्माला यायचा. या वेळचा अर्ज तिच्याही गरजेचा होता. भैरोबा सर्व्हिसची मोटार रोज गावावर धुरळा उडवून लोणावळ्याला जायची, थांबायची मात्र नाही. आठ महिन्यांच्या चिंगीला देवी टोचायला न्यायची होती, आणि चिंगी म्हणजे हातपाय फुटलेलं पायलीभर तांदळाचं गाठोडं. दोन कोस कडेवर कोण नेणार?

"थांबा माज्या वट्ट्याम्होरं लिव्ह," सरपंच बजरंगआबा म्हणाले. तिनं लिहिलं. दहा जणांनी अंगठे दिले.

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाला केरबा आला. "तितं आबाचं त्वांड बघत बसायचं व्हय? माज्या भट्टीपाशी घ्या, वैनी. च्या तरी मिळंल."

नवा अर्ज, तेच दहा अंगठे. तिसऱ्या दिवशी भिमाजीला आपल्या आंब्याची सावली आठवली. पुन्हा अर्ज, पुन्हा अंगठे. चौथ्या दिवशी कस्तुरानं पदर खोचला.

"कुणाच्याच दारी नको. शाळेपाशी करा, न्हाईतर तुमीच लिवा!"

स्वतः लिहायचं म्हटल्यावर गावाचं लगेच एकमत झालं.

जुने तीन कागद ती चुलीत सारणार, तोच सासूनं, आक्काबाईनं, मनगट धरलं. "अगं, अंगठं हायेत त्यावर! जित्या मान्साचा अंगठा जाळत्यात व्हय?"

मग चारही कागद तारेला टोचले गेले. घोटाळा नको म्हणून कस्तुरानं प्रत्येकाच्या पाठीवर लिहिलं: पहिला, दुसरा, अखेरचा, खरोखर अखेरचा.

टपालवाला दारात आला तेव्हा चिंगी पदराखाली नुकती पेंगत होती. हललं की भोंगा. कस्तुरा कुजबुजली, "आत्याबाई, तारेवरचा सगळ्यात वरचा कागद पाकिटात घाला."

आक्काबाईनं वरचा काढला आणि तिला खालच्यांची दया आली. येवढ्या लोकांनी बोटं काळी केली, एकालाच का पाठवायचं? तिनं चारही घातले.

महिन्यानं मोटारीच्या मालकाचं उत्तर आलं: "औंढेकरांची कळकळ पाहून चारही थांबे मंजूर."

पहिल्या दिवशी कस्तुरा चिंगीला घेऊन मोटारीत बसली. बजरंगआबांनी ओट्यापुढं ड्रायव्हरचा टोपी-नारळ देऊन सत्कार केला. ऐंशी पावलांवर केरबानं सगळ्या गाडीला चहा पाजला. आंब्याखाली भिमाजीनं टपावर भाजीच्या सात पाट्या चढवल्या. शाळेपाशी मास्तरांनी स्वागतगीत म्हणवून घेतलं, सगळी कडवी. चिंगी दर थांब्याला जागी झाली आणि दर थांब्याला रडली. लोणावळ्यात पोचेतो टोचणीवाला कुलूप लावून गेला होता.

रात्री पंच कस्तुराच्या ओसरीवर जमले. "आसं चालायचं न्हाई. तीन थांबं बंद करा म्हनून लिव्ह, सूनबाई."

कस्तुरानं दौत उघडली. "लिवते. कंचे तीन?"

कुणी आढ्याकडं बघितलं, कुणी तंबाखू मळली. शेवटी बजरंगआबा म्हणाले, "तू अंगठं तर घिऊन ठिव. मजकूर सावकाश ठरवू." दहा अंगठ्यांचा कोरा कागद तारेवर चढला. पाठीवर तिनं लिहिलं: पाचवा.

पुढच्या टोचणीला ती चिंगीला कडेवर घेऊन निघाली. मोटार आबांच्या ओट्याशी उभी होती. कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं.

"वैनी, बसा की!"

"नगं बाबा," कस्तुरा पाऊल न थांबवता म्हणाली, "आज घाई हाय."