परबकाकांची घड्याळं

हातात घड्याळ असूनही परबकाका लिफ्टमध्ये मलाच विचारतात, "किती वाजले गं?" मी मोबाईल बघून सांगते. मग मनगटाकडे मायेनं बघत म्हणतात, "हा जरा मागे आहे. आज मूड नाय त्याचा."

नाहूरला आमच्या शेजारच्या घरात ते एकटेच राहतात. लग्न केलं नाही, घड्याळं जमवली. सगळी चावीची. रोज सकाळी आंघोळ झाली की एकेकाला चावी देतात. एकाचीही सकाळ चुकवत नाहीत. बॅटरीचं घड्याळ त्यांना नको. "त्याला आपली गरजच नसते, काय करायचंय?"

एका घड्याळाला मागून काच आहे. आतली चाकं फिरताना दिसतात, पण ती बाजू मनगटाला टेकलेली.

"मग कोणाला दिसणार, काका?"

"मला! वेळ लोकांसाठी गं, मजा आपल्यासाठी."

सोसायटीच्या मीटिंगला पाण्यावरून भांडण पेटलं होतं, तेव्हा काकांनी उठून सेक्रेटरींचा हात धरला. आता मारामारी होणार, असंच सगळ्यांना वाटलं. काका त्यांचं घड्याळ न्याहाळत होते. "अहो, ह्याला तेल कधी घातलंत? दमलाय बिचारा."

गेल्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू ती भिरकावून द्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. काका भेटायला आले. मग त्यांनी ते काचेचं घड्याळ काढून तिच्यापुढे धरलं आणि तिची उजवी बोटं चावीवर ठेवली.

"वहिनी, जरा फिरवा. घाई नाय."

बोटं घसरली. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा आले. नंतर रोजच. दरम्यान ते घड्याळ बंद पडलं. "काका, तुम्ही तरी चावी द्या," मी म्हटलं.

"मी नाय देणार. हे आता वहिनींचं काम."

कित्येक आठवडे ते तसंच बंद राहिलं. मग एका सकाळी आईच्या अंगठ्याखाली चावी करकरली. पुन्हा करकरली. काचेमागचं चाक हललं.

"चाललं! वहिनी, चाललं!" काका ओरडले आणि लगेच खिडकीकडे वळून बराच वेळ चष्मा पुसत बसले.

आता आई चावी सहज देते. काका तरीही येतात. काम झाल्यावरही उठत नाहीत; गावच्या घराविषयी, गेलेल्या भावाविषयी बोलत राहतात. आई ऐकते, आणि मी चहा आणला की बिस्किटांची बशी हळूच त्यांच्याकडे सरकवते.