सोलोच्या जागी घरघर

"या वेळी मी इतिहास घडवणार," असं पेटीमास्तरांनी बायकोला सांगितलं, तेव्हा ती चष्म्याची काडी शोधत होती. "घडवा," ती म्हणाली. "पण जेवायला वेळेवर या."

पेटीमास्तर हे नाव त्यांना मुळीच आवडत नसे. ते प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमध्ये कीबोर्ड वाजवत, म्हणजे ज्या संगीतात एक गाणं संपेपर्यंत ऐकणाऱ्याची दाढी वाढते, त्यात. तरुणपणी बँडने एकच कॅसेट काढली आणि ती बाजारात आली त्याच आठवड्यात भांडून बँड फुटला. मास्तरांनी रागाने आपली प्रत वेष्टनही न फाडता कपाटात टाकली. पण त्यातल्या सर्वांत लांब गाण्यात त्यांचा एक सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचा तुकडा, होता. आयुष्यात आपल्या हातून एवढी एकच गोष्ट धड झाली, असं त्यांचं ठाम मत होतं. आता नव्या माणसांना घेऊन पुनरागमनाचा अल्बम निघत होता, त्यात हे गाणं पुन्हा व्हायचं होतं, आणि तो सोलो जगाला पुन्हा एकदा ऐकवल्याशिवाय मरायचं नाही, असं मास्तरांनी ठरवून टाकलं होतं.

नवी मंडळी ती जुनी कॅसेट ऐकूनच वाढलेली. गिटारवर दातांची डॉक्टर, बासवर बँकेतला कॅशिअर, ड्रमवर पोहायला शिकवणारा एक दणकट गृहस्थ. स्टुडिओत सगळ्यांचं मिळून पहिल्यांदाच गाणं सुरू झालं. सोलोची जागा आली. मास्तरांनी बाह्या सरसावल्या, बोटं उचलली, आणि तेवढ्यात तिघेही संथ होत होत आजारी म्हशीसारखे घरघरले आणि टुणकन उडी मारून थेट शेवटच्या कडव्यावर गेले.

मास्तरांचे हात हवेतच राहिले.

"हे काय होतं?"

"तुमची ती जागा, सर," डॉक्टर भक्तिभावाने म्हणाली. "बसवता बसवता जीव गेला आमचा."

"अहो, कसली जागा? तुमची टेप मशीनमध्ये गुंडाळली गेली असणार."

"थोर माणसं अशीच बोलतात," कॅशिअर ड्रमवाल्याच्या कानात कुजबुजला. माइक चालू असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू आलं.

मास्तर तिरीमिरीत घरी गेले, कपाट उपसलं, बायकोची बोलणी खाल्ली आणि वेष्टनातली न उघडलेली कॅसेट घेऊन परतले. स्टुडिओवाल्याने जुना टेपरेकॉर्डर पुसून दिला. "आता कान उघडे ठेवून ऐका," मास्तर म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं. घरघर, टुणकन उडी, शेवटचं कडवं.

बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन मास्तरांनी जुन्या ड्रमवाल्याला, ढोल्याला, फोन लावला.

"म्हणजे तू आज ऐकलंस?" ढोल्या थक्क झाला. "अरे, गाणं कॅसेटच्या एका बाजूत मावत नव्हतं. कुठेतरी कापायलाच हवं होतं."

"म्हणून माझा सोलो?"

"मतं घेतली होती रे. तू वायर आणायला गेला होतास. कापलेल्या टेपचा जोड फार कळत होता, म्हणून मी फिरत्या टेपवर बोट दाबून धरलं आणि तिला घरघरायला लावलं. लोकांना माझं बोट आवडलं, त्याला मी काय करू?"

मास्तरांना रडावंसं वाटलं. इतकी वर्षं ते ज्या सोलोच्या जोरावर ताठ मानेने चालत होते, तो कोणी ऐकलेलाच नव्हता. ते आत आले आणि फोनबद्दल कुणाला काही न सांगता म्हणाले, "एकदा मी माझ्या मनातलं वाजवतो."

त्यांनी जीव ओतून सगळा सोलो वाजवला.

"छान आहे, सर," डॉक्टर हळुवारपणे म्हणाली. "पण या गाण्यात तो अक्कलदाढेसारखा वाटतो. काढला की मोकळं वाटेल." मग तिचा चेहरा उजळला. "घरघर मात्र तुम्हीच वाजवा ना. कीबोर्डला सूर खाली ओढायचं चाक असतं. आम्हाला तेवढं खोल जाता येत नाही."

बाकी दोघांनी जोरजोरात माना डोलावल्या. मास्तरांनी चाकावर बोट ठेवलं.

"काका, जरा केविलवाणं येऊ द्या," काचेमागून स्टुडिओवाला म्हणाला.

ते मात्र मास्तरांना पहिल्याच फटक्यात जमलं.