हिराची भिंगरी

हिरा आणि मी शेवटचं एकत्र बसलो ते गोठ्यापाशी, मोबाईलवर मालिका लावून. ती बघत होती, मी पावट्याच्या शेंगा सोलत होतो. मधेच म्हणाली, "अवो, भिंगरी आली. गुडघा कसा हाय?" मी म्हणालो, "हाय तसाच." दुसऱ्या दिवशी दुपारी झोपली, ती उठलीच न्हाई.

भिंगरी म्हणजे चित्र अडलं की मोबाईलवर गोल फिरतं ते. ती फिरायला लागली की बायकोला मी दिसायचो.

तिकोणा पेठेत आमच्या घराला किल्ला आडवा. रेंज फक्त गोठ्यापाशी, त्यामुळं आमच्या म्हशीनंही पुष्कळ मालिका बघितल्यात. त्या मालिका दाखवणाऱ्या कंपनीत आमचा संतोष इंजिनेर. चित्र अडलं की हिरा त्याला फोन लावायची. "आरं, सासूनं तोंड उघडलंय आन् तुझी भिंगरी फिरतीया! झोपलाय का तितं?"

तिनं जन्मभर लोणावळ्याच्या स्टँडवर करवंदं आणि कणसं विकली. म्हणून तिचा सवाल एकच, "गिऱ्हाइकाला काय?" सरपंच भाषणाला उभा राहिला तरी हाच.

दिवाळीला संतोष आला आणि वर्षभर काय काम केलं ते इंग्रजीत सांगू लागला. "ते ऱ्हाऊ दे. गिऱ्हाइकाला काय?"

"आई, रेंज कमी असली तरी आता चित्र अडणार नाही."

"मग आसं बोल की!"

मग मोबाईल घेऊन आळीभर फिरली. "बगा, कसं पळतंय! माज्या पोरानं केलंय." मी चौथी नापास माणूस, पण त्या दिवशी माझीही छाती फुगली.

तेराव्याला संतोष म्हणाला, "आबा, आईसारखं खट गिऱ्हाईक मला कुठं मिळायचं नाही."

मी तोंडावर सांगितलं, "भिंगरी काय तुला घालवता आली न्हाई. रोज येत हुती."

"कशी येईल? आली असती तर तिनं मला सोडलं असतं का? दिवाळीपासून तक्रारीचा एक फोन नाही."

मोबाईल तिच्या हातात, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. ती म्हणायची आली, की आली.

"मग मालिका थांबायची कशी?"

"तीच थांबवत असेल. इथं बोट लावलं की थांबतं."

मी उठलो आणि म्हशीला वैरण टाकायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल घेऊन गोठ्यापाशी बसलो. चित्र कसं पाण्यासारखं पळत होतं. पोरानं काम चोख केलंय, गिऱ्हाईक म्हणून सांगतो. सासूनं तोंड उघडलं तसं मी बोट लावून थांबवलं.

म्हणालो, "गुडघा आज जरा बरा हाय गं."